पाड्याची जमीन, पाड्याचा हक्क: ठाणे आणि नवी मुंबई परिसरातल्या आदिवासी जमीनहक्कांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस झाला की ठाणे स्टेशनबाहेर आणि जांभळी नाक्याच्या बाजारात शेवळं, कोरला, कंटोळी घेऊन बसलेल्या बायका दिसू लागतात. कोणी येऊरवरून चालत उतरलेली असते, कोणी कसाऱ्याकडून पहिली लोकल पकडून आलेली. भाजी कुठची विचारलं की सांगतात, ‘डोंगरावरची.’ तो डोंगर कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे आणि उद्या तिथून रस्ता, बोगदा किंवा धरणाचं पाणी गेलं तर या बाईचं काय, हा प्रश्न भाजी घेताना सहसा निघत नाही.

मी ठाण्यात राहते. गेली काही वर्षं शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यांवर वनहक्काचे दावे भरायला मदत करते. तिथे आणि इथे शहरात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. काही पाड्यावरचे आहेत, काही सोसायटीच्या गच्चीवरचे.

ठाण्यासारख्या शहरात आदिवासी आहेत तरी कुठे?

शहराला लागूनच आहेत. वर्तकनगर-उपवनवरून येऊरच्या घाटाने वर गेलात की पाटोणापाडा, जांभूळपाडा, वणीचा पाडा, भेंडीपाडा, रोणाचा पाडा लागतात. हे सगळे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहेत. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातला मोठा हिस्सा बोरिवलीकडे नसून ठाण्याच्या बाजूला आहे, हे कित्येक ठाणेकरांना माहीत नसतं.

जिल्ह्यात वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी, ठाकूर या जमाती आहेत. शहापूर तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली पूर्ण अनुसूचित क्षेत्र आहे, म्हणजे तिथे आदिवासींसाठी खास संरक्षण आहे. मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांचे काही भाग आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा तिकडे गेले. त्यानंतर ‘ठाणे आता आदिवासी जिल्हा राहिला नाही’ असं सर्रास म्हणतात. ते खरं नाही. नवी मुंबईच्या कडेने पनवेल आणि उरण तालुक्यांतही कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत.

नवी मुंबईचे आगरी-कोळी प्रकल्पग्रस्त आणि आदिवासी यांची लढाई एकच आहे का?

नातं जवळचं आहे, पण कायद्याच्या नजरेत फरक आहे. आगरी आणि सोनकोळी या अनुसूचित जमाती नाहीत. महादेव, मल्हार आणि टोकरे कोळी आहेत.

१७ मार्च १९७० रोजी सिडको ही नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भाव कवडीमोल होता. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित भूखंड म्हणून परत. पुढे विमानतळासाठी दहा वस्त्या उठल्या, तेव्हा साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज मिळालं. आज ज्या धावपट्टीवर विमानं उतरतात त्या ११६० हेक्टरांत उलवे, तरघर, चिंचपाडा, वाघिवली अशा जागांची नावं मिसळली आहेत. प्रकल्पग्रस्तांनी एकजुटीने काय मिळवता येतं, हे अख्ख्या देशाने या किनाऱ्याकडून शिकावं.

पण या दोन्ही योजना चालल्या सातबाऱ्यामागे. जेवढी जमीन नावावर, त्या प्रमाणात भूखंड. दुसऱ्याच्या बांधावर झोपडी घालून राहणाऱ्या, खाडीत खेकडे-निवट्या पकडून पोट भरणाऱ्या कातकरी घराचं नाव कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हतं, म्हणून ते घर हिशेबात आलंच नाही. मोर्चा तोच, चालणाऱ्यांत हेही होते, पण वाटपाच्या यादीत नव्हते. म्हणून म्हणते, पोकलेन येतो तेव्हा लढाई सुरू होत नाही. ती त्याच्या कितीतरी वर्षं आधी, नोंदवहीत नाव चढलं की नाही तिथे जिंकलेली किंवा हरलेली असते.

कातकऱ्यांकडे जमीन का नाही? ते फिरते आहेत म्हणून?

उलट आहे. जमीन नाही म्हणून फिरावं लागतं. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने जंगलं राखीव केली आणि हा धंदाच बंद पडला. डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी ‘दळी’ म्हणून थोडे तुकडे दिले गेले, रायगड आणि ठाण्यात त्या दळीचे वाद आजही चालू आहेत. बाकीचे लोक जमीनमालकाच्या माळावर वाडी करून राहिले. त्या बदल्यात शेतावर राबायचं. दिवाळीनंतर आख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परत येतं.

वाडी तीन-तीन पिढ्यांची असते, पण गावठाण म्हणून नोंद नसते. शेजारून महामार्ग जाणार अशी बातमी येते, जमिनीचा भाव चढतो, आणि एक दिवस मालकाचा नातू तारेचं कुंपण घालायला येतो. मी अशी एक वाडी पाहिली आहे जिथे कुंपणाची तार मारुतीच्या ओट्याला चिकटून गेली होती आणि बायका पाण्याची कळशी तारेखालून सरकवत होत्या, एकीने इकडून ढकलायची, दुसरीने तिकडून ओढायची.

महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना केंद्राने विशेषतः असुरक्षित आदिवासी गट मानलं आहे. आपल्याकडे जुन्या सरकारी कागदांत ‘आदिम जमात’ लिहितात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येतो.

सातबाऱ्यावर नाव नाही आणि जमीन वनखात्याची आहे. मग ते अतिक्रमणच नाही का?

नाही. हा गैरसमज दूर करण्यासाठीच २००६ चा वनहक्क कायदा झाला. त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलं आहे की आदिवासींवर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाला. म्हणजे हक्क आधीपासून होता, नोंद राहून गेली होती. सरकार तिथे दान देत नाही, आपली चूक दुरुस्त करतं.

थोडक्यात असं आहे: १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या किंवा तिथे राहणाऱ्या आदिवासी कुटुंबाला प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीवर, चार हेक्टरच्या मर्यादेत, हक्क मिळतो. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा वास दाखवावा लागतो. हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदतात. तो वारसाने जातो, विकता येत नाही.

पुरावे कोणते, हे सगळे विचारतात. किमान दोन लागतात आणि कागदच पाहिजे असं नाही. बांध, विहीर, जुनं घर, मसणवटा, देवस्थान हे नियमांत पुरावे म्हणून लिहिलेले आहेत. दावेदार सोडून गावातल्या इतर जाणत्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली हकिकतही पुरावा आहे. उपग्रहाचं चित्र जोडीला वापरता येतं, पण त्याच्या जोरावर बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

एका पाड्यावर म्हाताऱ्या बाबांकडे एकही कागद नव्हता. वनखात्याच्या जुन्या दंडाची पावती असेल तर ती चालते, एवढं मी सांगितलं. ते म्हणाले, पावती कुठली, कोंबडी दिली होती. मग उठले आणि आम्हाला शेतावर घेऊन गेले. एका आंब्याखाली उभे राहिले. आंबा त्यांच्या आजाने लावलेला. शेजारी मोहाच्या बुंध्याला दगड टेकवून ठेवलेले, शेंदूर लावलेला वाघोबा. त्या बाजूला उतारावर राबाचा काळा पट्टा, पाला-गोवऱ्या जाळून दरवर्षी तिथेच नागलीचं बी टाकतात, तिथली माती आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळी दिसते. पंचनाम्यात आम्ही हे एकेक लिहिलं: आंबा, घेर दोन माणसांच्या कवेत न मावणारा. वाघोबाचं ठाणं. राबाची जागा. बाबा प्रत्येक ओळ वाचून घ्यायला लावत होते. मंजुरी आली तेव्हा त्यांनी विचारलं, ‘वाघोबा लिवलाय ना त्यात?’

आणि सर्वांत महत्त्वाचं कलम ४(५). दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. प्रकल्प कितीही मोठा असो.

कायदा इतका चांगला आहे तर दावे नामंजूर का होतात?

हा पाड्यावरचा सर्वांत रागाचा प्रश्न आहे, आणि तो राग रास्त आहे.

दावा तीन पायऱ्या चढतो. आधी ग्रामसभा, तिची वनहक्क समिती मोजणी-पडताळणी करते. मग प्रांतांची उपविभागीय समिती. शेवटी जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेत काम सहसा नीट होतं, कारण तिथे कोण कुठली जमीन कसतं हे पोरांनाही ठाऊक असतं. गाडी अडते वरच्या पायऱ्यांवर. एका कार्यालयात आम्ही चाळीसच्या वर फाइली दिल्या होत्या. दोन वर्षांनी चौकशीला गेलो तर सांगितलं, फाइली नाहीत. नशिबाने एका ताईने प्रत्येक दाव्याची शिक्का मारलेली पोच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या कणगीत ठेवली होती. ती पिशवी टेबलावर ठेवल्यावर त्याच दिवशी कपाटाच्या मागे फाइली सापडल्या. काही भिजलेल्या होत्या.

कायदा सांगतो की दावा नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं आणि ते दावेदाराला व्यक्तिशः कळवावं लागतं. ‘पुरावा अपुरा’ एवढे दोन शब्द लिहून भागत नाही. नामंजुरी मिळाल्यापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे अपील करता येतं. अनुसूचित क्षेत्रात जिल्हा समितीने नाकारलेल्या दाव्यांसाठी २०२० मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आपल्यासाठी ते कार्यालय बेलापूरला कोकण भवनात आहे. शहापूरच्या आतल्या पाड्यावरून तिथे जायचं म्हणजे जीप, लोकल, पुन्हा लोकल आणि दिवसाची मजुरी बुडते, तरीही जा.

नामंजुरी किती गंभीर असते ते २०१९ ला कळलं. १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला, २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च शहापूर-भिवंडी-ठाण्यावरून मुंबईला गेला. त्यात मोठ्या संख्येने होते ते हेच वनजमीन कसणारे आदिवासी. दहावीच्या पोरांना परीक्षेला अडचण नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले. मुख्य मागण्यांत वनहक्क होता. मार्च २०२३ मध्ये पुन्हा मोर्चा निघाला आणि वाशिंदला मुक्काम करून थांबला. पाच वर्षांनी पुन्हा तीच मागणी घेऊन चालावं लागतं, यातच सगळं आलं.

ग्रामसभेने ‘नको’ म्हटलं तर प्रकल्प थांबतो का?

कधी थांबतो, कधी नाही. कुठल्या कायद्याखाली जमीन जाते आहे आणि तोवर तुमचे हक्क नोंदले आहेत का, यावर ते ठरतं.

अनुसूचित क्षेत्रात तिथल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करणं बंधनकारक आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचं ४१वं कलम त्याहून कडक आहे: अनुसूचित क्षेत्रात शक्यतो संपादन करूच नये, करावंच लागलं तर ग्रामसभेची पूर्वसंमती हवी. ‘विचारविनिमय’ आणि ‘संमती’ या दोन शब्दांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सभेच्या ठरावात कोणता शब्द लिहिला जातोय याकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ‘माहिती देण्यात आली’ असं लिहून ती संमती म्हणून पुढे पाठवल्याची उदाहरणं आहेत.

वनजमीन असेल तर आणखी एक दार आहे. २००९ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पत्रक काढलं की वनजमीन प्रकल्पाला वळती करण्याआधी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण हवी आणि ग्रामसभांची संमती हवी. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर डोंगरिया कोंध लोकांचा खाणीविरुद्धचा लढा याच मुद्द्यावर उभा राहिला. १८ एप्रिल २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ग्रामसभांनाच विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. खाण झाली नाही.

आता अडचणीची बाजू. फेब्रुवारी २०१३ च्या पत्रकाने रस्ते, कालवे, पाइपलाइन, वीजवाहिन्या अशा रेषेत जाणाऱ्या प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. राज्यात २०१७ मध्ये राज्यपालांच्या अधिसूचनेने महत्त्वाच्या सरकारी प्रकल्पांसाठी आदिवासीची जमीन परस्पर संमतीने विकत घेताना ग्रामसभेची पूर्वमंजुरी लागणार नाही असा बदल केला. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राची मान्यता आधी आणि वनहक्कांची पूर्तता नंतर, राज्याने करायची, असा क्रम लावला. आणि मुंबई-ठाण्याभोवतीचे प्रकल्प बघा: समृद्धी महामार्ग, बुलेट ट्रेन, जलवाहिन्या, उच्चदाबाच्या तारा. जवळपास सगळे रेषेतलेच.

पण त्या २०१३ च्या सवलतीत एक अपवाद आहे, जो ठाणे-रायगडच्या कार्यकर्त्यांनी पाठ करावा. आदिम जमातींचे मान्य झालेले हक्क बाधित होत असतील तर सूट लागू नाही. आपल्याकडे आदिम म्हणजे कातकरी. ज्या वाडीचा सामूहिक वनहक्क, म्हणजे सगळ्या वाडीचा मिळून जंगलावरचा हक्क, मंजूर झालेला आहे, त्या वाडीला हा आधार आहे. जिचा दावाच दाखल नाही, तिला नाही. म्हणून प्रकल्पाची कुणकुण लागण्याआधीच दावा दाखल करा असं आम्ही घसा कोरडा होईतो सांगतो.

मुंबई-ठाण्याला पाणी तर लागणारच. धरणंच बांधायची नाहीत का?

तानसा १८९२ चं. त्यानंतर मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा, मध्य वैतरणा. सव्वाशे वर्षं शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांनी मुंबईला पाणी पाजलं आहे, आणि आज ठाणेही भातसाचं पाणी पितं. त्या धरणांच्या आजूबाजूच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतो. एप्रिलमध्ये शहापूरच्या पाड्यावर बाई रात्री दोनला विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरते, आणि तिच्या उशाशी दोन किलोमीटरवरून दोन-दोन माणसं उभी राहतील एवढी जलवाहिनी मुंबईकडे जाते. ज्याने हे एकदा पाहिलं आहे त्याने हा प्रश्न या शब्दांत विचारलेला मला अजून ऐकू आलेला नाही.

मुरबाडच्या काळू नदीवर महानगर प्रदेशासाठी धरण बांधायचं ठरलं. सुमारे एक हजार हेक्टर वनजमीन त्यात जाणार. २०११ मध्ये वनमंजुरी नसतानाच काम सुरू झालं. श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात याचिका केली, २०१२ मध्ये कामाला स्थगिती मिळाली. मशिनरी बंद पडली ती लोकांकडे कागद होते म्हणून: ग्रामसभेचे ठराव, दाव्यांच्या पोच, वनजमिनीचे गट क्रमांक. योजना अजून मेलेली नाही, अधूनमधून डोकं वर काढते.

गळती थांबवणं, सांडपाणी शुद्ध करून वापरणं, हे आधी करा आणि मग डोंगराकडे या, एवढंच लोकांचं म्हणणं असतं. आणि आधी आम्हाला पाणी द्या, हेही.

राष्ट्रीय उद्यानात माणसांनी राहायचंच कशाला? जंगल वाचायला नको का?

जंगल वाचायलाच हवं. म्हणूनच उलटा प्रश्न विचारते: येऊरचं जंगल कोणी ओरबाडलं? पाड्यांवरच्या वारल्यांनी, की रात्री दोनपर्यंत दिवे आणि ढोल चालणाऱ्या बंगल्यांनी, टर्फनी आणि हॉटेलांनी? वारली वाघोबाला पुजतो, बिबट्याच्या वाटा सोडून घर बांधतो. उद्यान व्हायच्या आधीपासून हे पाडे तिथे आहेत.

वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांनाही लागू आहे, कायद्याच्या व्याख्येतच तसं म्हटलं आहे. वन्यजीवांसाठी खरोखर जागा मोकळी करायची असेल तर त्याची पद्धत कलम ४(२) मध्ये आहे: आधी हक्क नोंदवा, मग माणूस आणि प्राणी एकत्र राहू शकत नाहीत हे शास्त्रीय आधाराने दाखवा, मग ग्रामसभेची मुक्त आणि पूर्ण माहितीनिशी संमती घ्या, पुनर्वसन आधी पूर्ण करा. यातली एकही पायरी गाळून ‘जंगल वाचवायचं’ म्हणून झोपडी पाडता येत नाही. ठाणे-बोरिवली जुळा बोगदा याच उद्यानाखालून जातो आहे. जंगलाखालून बोगदा चालतो आणि जंगलात नाचणीचं शेत चालत नाही, हे पाड्यावरच्या माणसाला कसं समजवायचं, ते मला जमलेलं नाही.

उद्यानातल्या पाड्याला रस्ता, अंगणवाडी, वीज मिळू शकते का? वनखातं परवानगी देत नाही.

मिळू शकते. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली शाळा, अंगणवाडी, दवाखाना, रस्ता, वीज, पाणी अशा तेरा सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. बाळंतिणीला झोळीतून नेल्याची बातमी आली की सगळे हळहळतात. त्याच दिवशी या कलमाखाली अर्ज लिहायला बसा.

महापालिका हद्दीत ग्रामसभाच नाही. मग दावा कसा करायचा?

अडचण खरी आहे, येऊरच्या लोकांना ती रोज भेडसावते. पण कायदा वनजमिनीला लागतो, जमीन महापालिकेच्या हद्दीबाहेरच हवी अशी अट त्यात नाही. ‘गाव’ या शब्दाच्या व्याख्येत जुन्या वस्त्या आणि मोजणी न झालेल्या वस्त्याही येतात, त्या गाव म्हणून जाहीर झालेल्या असोत वा नसोत. पाड्याची सभा घ्या, इतिवृत्त लिहा, सह्या-अंगठे घ्या आणि अर्ज लेखी द्या. ‘तोंडी नकार’ कुठेच धरला जात नाही. नकार द्यायचा असेल तर तोही लेखी मागा.

येऊरला एका ओळखीच्यांमार्फत आदिवासीची जमीन स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

घेऊ नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि तीही राज्य सरकारच्या पूर्वमान्यतेने. स्टँपपेपरवरचा करार, कुलमुखत्यारपत्र, ‘९९ वर्षांचा भाडेपट्टा’ यांनी काही साधत नाही. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आहे. आदिवासीला त्याच्या जमिनीवरून किंवा वनहक्कावरून बेकायदा हुसकावणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. जो ओळखीचा तुम्हाला हे सांगत नाही, तो तुमचाही मित्र नाही.

भरपाई चांगली मिळत असेल तर हरकत काय?

कोणाला मिळते, हे आधी विचारा.

समृद्धीच्या इगतपुरी ते आमणे या शेवटच्या टप्प्यात, बुलेट ट्रेनच्या मार्गावर, ज्यांची नावं सातबाऱ्यावर होती त्यांच्या खात्यात रक्कम आली. काहींनी शहाणपणाने वापरली. काहींकडे महिनाभरात मोटारसायकलवाले, चिटफंडवाले आणि दूरचे पाहुणे येऊन गेले. वर्षभरात बाप वीटभट्टीवर आणि पोरगा त्याच रस्त्यावर हेल्मेट घालून सुरक्षारक्षक. वाडवडिलांनी कधी शंभराच्या चार नोटा एकत्र पाहिल्या नाहीत अशा घरात एकदम लाखो रुपये टाकायचे आणि मग ‘उडवले’ म्हणायचं, हे मला फार लागतं.

दुसरं, मोबदला मोजला जातो जमिनीचा आणि झाडांचा. शेवळं उगवणारी ओलसर कडा, डिंक देणारे धावडे, गुरं चरायचा माळ, सुईण राहते तो पाडा यांची किंमत कुठल्या रकान्यात लिहायची?

पण हेही ठाऊक असू द्या: २०१३ च्या भूसंपादन कायद्यात ‘बाधित कुटुंब’ म्हणजे फक्त जमीनमालक नव्हे. तीन वर्षं तिथे राहून शेतमजुरीवर जगणारं भूमिहीन कुटुंब, वनहक्क गमावलेलं कुटुंब, जंगलातून गोळा करून किंवा मासेमारीवर जगणारं कुटुंब, सगळी त्यात बसतात. पुनर्वसनावर त्यांचाही हक्क आहे. सर्वेक्षणाच्या यादीत नाव नसेल तर ते घालून घ्या. ६० दिवसांच्या मुदतीत हरकत लेखी द्या.

हे सगळं बाहेरचे लोक भडकवतात, असं म्हणतात. खरं आहे का?

२३ मे १९४५ ला तलासरीतल्या झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असा निर्धार केला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता. सत्तरच्या दशकात पालघरकडे काळूराम धोदडे यांच्या भूमी सेनेने सावकारांनी बळकावलेल्या जमिनीवरची पिकं कापली. धोदडे स्वतः आदिवासी. डहाणूजवळच्या नियोजित वाढवण बंदराला विरोध करणारे मच्छीमार आणि आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या त्याच किनाऱ्यावर राहतात. वारल्यांच्या त्या लढ्यातले किसान सभेचे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासारखे बाहेरून येऊन सोबत राहिलेले लोकही होते आणि पाड्यांवरची म्हातारी माणसं आजही त्यांचं नाव आदराने घेतात.

दावा भरायला पैसे लागतात का?

नाही. एक रुपयाही नाही. कोणी मागत असेल तर नाव लिहून ठेवा.

उद्या सकाळी मोजणीचे लोक येणार आहेत असा निरोप आलाय. आज रात्री काय करायचं?

पाड्यातल्या सगळ्यांना एका ओट्यावर बोलवा, बायकांनाही. जो वीटभट्टीवर असेल त्याला फोन करा.

घरातले सगळे कागद काढा: रेशनकार्ड, घरपट्टी, दाव्याची पोच, वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या, जातीचा दाखला. मोबाईलवर प्रत्येकाचा फोटो काढा आणि पाड्याबाहेरच्या एखाद्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. उजाडताच शेत, विहीर, आंबे-मोह, देव, मसणवटा यांचे फोटो काढा, शेजारी माणूस उभा करून.

मोजणीवाल्यांना अडवू नका, शिवीगाळ करू नका. नोटीस दाखवा म्हणा, तिचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या. कुठल्या कायद्याखाली मोजणी आहे ते विचारा. संयुक्त मोजणी असेल तर वनहक्क समितीचा माणूस सोबत चालवा. झाडं मोजताना स्वतः मोजा. कोऱ्या किंवा अर्धवट कागदावर सही-अंगठा देऊ नका. पंचनाम्यावर सही करायचीच झाली तर नावाच्या वर आपल्या हाताने लिहा: ‘आमचा वनहक्क दावा प्रलंबित आहे, संपादनाला आमची हरकत आहे.’ ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी शाळेतल्या पोरीला बसवा, तिचं अक्षर चांगलं असतं.

मग पंचनाम्याची प्रत मागा. आणि त्यावर शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय कोणालाही जीपमध्ये बसू देऊ नका.